आपल्याच नाल्यातल्या बाटल्यांचा तराफा कसा बांधायचा

बेळगावात वडगावकडं आमचा मंडपाचा धंदा. कळक, काथ्या, तट्टे यांच्यात उभा जन्म गेला. त्यामुळं रिकाम्या बाटल्यांचा तराफा बांधायचं आमच्या गल्लीतल्या पोरांनी काढलं तेव्हा बांधणी माझ्याकडं आली. आता शाळा, मंडळं, गावाकडची तरुण मंडळी विचारतात, कसा केला, आम्हालाही करायचाय. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय. यात दोन माणसांचा तराफा सांगितलाय, आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद. तळ्यात चालणारा. समुद्रात नेण्यासाठी नाही.

समुद्रात नेलेले तराफे जगात आहेत, आणि ते माहीत असल्याशिवाय आपला बांधू नये. 2008 मध्ये अमेरिकेत मार्कस एरिक्सन आणि जोएल पास्कल या दोघांनी सुमारे पंधरा हजार बाटल्या जाळ्यांत भरून तराफा केला. वर खोली म्हणून भंगारातल्या विमानाचा सांगाडा ठेवला आणि कॅलिफोर्नियाहून हवाईपर्यंत गेले. 87 दिवस लागले. भर समुद्रात खायचं संपत आलं, तेव्हा एकटीनं होडी वल्हवत निघालेली रॉझ सॅव्हेज त्यांना भेटली. तिचं खारं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलं होतं. तिनं त्यांना खाऊ दिला, त्यांनी तिला यंत्र दिलं. वाटेत त्यांनी पकडलेल्या एका माशाच्या पोटात प्लास्टिकचे तुकडे निघाले.

दुसरा ‘प्लास्टिकी’. साठ फुटी, साडेबारा हजार बाटल्यांचा. 20 मार्च 2010 ला सॅन फ्रान्सिस्कोजवळून निघाला आणि 26 जुलैला सिडनीला पोचला. त्याचा डिंक काजू आणि ऊस यांच्यापासून केला होता. आपल्याकडं चिकोडी-अथणीला ऊस आणि खानापूर-चंदगडला काजू, म्हणजे डिंकाचा कच्चा माल आपल्या शिवारातच पडलाय. तिसरी होडी मला सगळ्यांत जवळची वाटते, केनियातल्या लामू बेटावरची ‘फ्लिपफ्लॉपी’. अली स्कंदा या पिढीजात होडी बांधणाऱ्या कारागिरानं किनाऱ्यावर वाहून आलेलं प्लास्टिक वितळवून फळ्या पाडल्या आणि जुन्या पद्धतीची शिडाची होडी केली. अंगावर सुमारे तीस हजार टाकाऊ रबरी चपलांचे तुकडे. 2019 च्या सुरुवातीला ती लामूहून झांझिबारपर्यंत पाचशे किलोमीटर गेली. अथणीच्या चांभारवाड्यात कातडी चपला करतात, त्या पायातून गेल्या तरी माती होतात. रबरी स्लीपर समुद्र ओलांडून येते.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. माल टाकलेल्या कचऱ्यातूनच आला होता. हेच पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बाटल्या विकत आणू नका, हॉटेलातून मागून आणू नका, कुणाला “तुमच्या घरच्या बाटल्या द्या” म्हणू नका. आपल्या नाल्याकाठच्या, तळ्याकाठच्या, रस्त्याकडेच्या बाटल्याच वापरायच्या. नाहीतर तराफा म्हणजे नुसता देखावा होतो, आणि देखावे बांधून देणं हा तर माझा रोजचा धंदाच आहे.

“समुद्र कुठं आणि आपण कुठं” असं बरेच जण म्हणतात. नकाशा घेऊन बसा. आपल्या शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेय नदीकडं जातं. मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभाही कूडलसंगमला कृष्णेतच जाते. पण त्याच तालुक्यात भीमगडच्या रानाकडं पडलेला पाऊस म्हादईतून गोव्यात उतरतो आणि पणजीला अरबी समुद्रात. म्हणजे शहरातल्या गटारीत टाकलेली बाटली पूर्वेच्या समुद्राला लागते आणि चोर्ला घाटाच्या उतरणीवर गाडीतून फेकलेली पश्चिमेच्या. दोन्ही समुद्रांना कचरा पाठवणारे आपण आहोत. बाटली अख्खी पोचत नसेल, आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर असे बंधारे आणि धरणं वाटेत आहेत, तिथं अडकते. पण उन्हानं तडकून तिचे बारीक तुकडे झाले की त्यातले काही धरणाच्या दारांतून पुढं जातात. हा नकाशा तराफ्याच्या कामाच्या आधी पोरांकडून काढून घ्या. आमच्या पोरांनी तो शाळेच्या भिंतीवर खडूनं काढला.

माल गोळा करणं

दिवाळीनंतर लागा. पाऊस थांबलेला असतो, नाल्याचं पाणी खाली बसतं आणि पावसात वाहून आलेलं सगळं झुडपांना लटकलेलं दिसतं. नाल्यात पोरांना उतरवायचं नाही, हे कितीही सांगितलं तरी कमीच. सांडपाण्यात काच असते, सुया असतात, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. मोठ्या माणसांनी गमबूट आणि जाड रबरी हातमोजे घालून, लांब कळकाला आकडा बांधून काठावरून ओढायचं. हातापायाला जखम असेल त्यानं त्या दिवशी यायचंच नाही. पोरांचं काम कोरड्या जागेवर, धुतलेल्या मालावर.

कीटकनाशकाचे आणि औषधाचे डबे वेगळे काढून ठेवा. शिवारात ते भरपूर सापडतात आणि तरंगायला उत्तम असतात, म्हणून मोह होतो. पण घ्यायचे नाहीत. ते तळ्याच्या पाण्यात बुडवणं म्हणजे विषच कालवणं. फिनेल, अ‍ॅसिडच्या बाटल्याही नकोत.

धुणं नाल्यावर नाही, टपात. धुतलेलं पाणी जुन्या धोतराच्या कापडातून गाळून मग शोषखड्ड्यात सोडा. त्या कापडावर जे बारीक रंगीत कण राहतात ते पोरांना दाखवा. मासा हेच खातो.

मग निवड. सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, मुठीत धरली की कुरकुरतात आणि चेपतात. सोड्याच्या आणि थंड पेयाच्या बाटल्या आतल्या दाबासाठी केलेल्या असतात, जाड असतात. त्या ओळखायला तळ बघा: खाली पाच फुगीर पाकळ्यांसारखे पाय असतील तर ती तुमची बाटली. अशा बाटल्या बाहेरच्या कडेला, जिथं धक्का बसतो तिथं. पातळ बाटल्या आत. टोपण नसलेली, चिरलेली, उन्हानं पांढरट पडून ठिसूळ झालेली बाटली सरळ भंगारात.

टोपण लावायची वेळ पहाटेची. थंडीत आतली हवा आकसलेली असते. त्या वेळी टोपण घट्ट बसवलं की नंतर पाणी गार असलं तरी बाटली चेपत नाही. दुपारच्या उन्हात बंद केली तर तळ्यात गेल्यावर तिच्या कुशी आत जातात आणि पोतं ढिलं पडतं. ‘प्लास्टिकी’वाल्यांनी यासाठी प्रत्येक बाटलीत सुक्या बर्फाची पूड घातली होती, तिचा वायू होऊन बाटली दगडासारखी टणक होते. ते त्यांच्याकडं तज्ज्ञ होते म्हणून. आपण करायचं नाही. बंद बाटलीत सुका बर्फ जरा जास्त झाला तर ती फुटते आणि डोळे जातात.

प्रत्येक बाटली बादलीत पूर्ण बुडवून दाबायची. टोपणाशी एक जरी बुडबुडा आला तर बाजूला. टेप, गोंद, एम-सील काही लावू नका. नंतर त्या बाटल्या भंगारात जायच्यात, आणि चिकट माल भंगारवाले चाचा घेत नाहीत.

बादलीतला प्रयोग

इथं थोडं थांबा, कारण सगळ्या खटाटोपात पोरांच्या डोक्यात सगळ्यांत पक्कं बसलं ते हेच. एक चिरलेली बाटली घ्या, कात्रीनं तिची चार बोटांची पट्टी कापा. एक टोपण घ्या. दुधाच्या पिशवीचा तुकडा घ्या. तिन्ही बादलीत टाका आणि हातानं खाली दाबून, हवेचे बुडबुडे काढून सोडा. टोपण वर येतं. पिशवी वर येते. बाटलीची पट्टी हळूहळू हेलकावत तळाला जाऊन बसते.

मग त्याच बादलीत मूठ-मूठ मीठ घालून ढवळा, समुद्रासारखं खारट करा. पट्टी तरीही तळालाच. कारण बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं, तिला तरंगवते ती आत कोंडलेली हवा. टोपणाचं प्लास्टिक वेगळं आणि पाण्यापेक्षा हलकं. म्हणून समुद्राकाठी टोपणं, पिशव्या, स्लीपर वाहून येतात, आणि टोपण उघडं राहिलेल्या बाटल्या पाणी भरून तळाला जातात. आपल्या तळ्याचंही तसंच. वर दिसतो तो थोडा, खाली बसलाय तो किती, ते मे महिन्यात तळं आटल्यावर कळतं. आमच्या गल्लीतली एक पाचवीतली मुलगी ती पट्टी परत परत वर काढून सोडत होती. “काका, मग खालचं कोण काढणार?” असं तिनं विचारलं. त्याचं उत्तर गोळा करणाऱ्यांपाशी नाही, टाकणाऱ्यांपाशी आहे, असं मी तिला सांगितलं.

हिशेब

एक लिटरची बंद बाटली पूर्ण बुडाली तर साधारण एक किलो वजन उचलते, तिचं स्वतःचं वजन वजा जाता थोडं कमी. दोन माणसं धरा एकशेचाळीस किलो. कळक, तट्टा, दोर मिळून पन्नास-साठ. एकूण दोनशे. याच्या दुप्पट उचल हवी, म्हणजे तराफा निम्मा बुडालेला आणि निम्मा वर राहतो. चारशे लिटर, म्हणजे एक लिटरच्या चारशे बाटल्या किंवा दोन लिटरच्या दोनशे. कळक स्वतः तरंगतो, ते हिशेबात धरू नका, ते वरकड राहू दे.

कांद्या-बटाट्याची जाळीची पोती आपल्याकडं मार्केट यार्डात लागतील तेवढी मिळतात, फेकलेली. पन्नास किलोच्या पोत्यात लिटरच्या चाळीसेक बाटल्या घट्ट बसतात. अशी दहा पोती. घट्ट म्हणजे पोतं हलवल्यावर आतून आवाज येता कामा नये. बाटल्या एकमेकींवर घासत राहिल्या की टोपणं सैल होतात. तोंड सुतळीनं शिवा. नुसती गाठ मारली तर सुटते. जाळी उन्हानं सडलेली असेल, बोटानं ओढल्यावर तुटत असेल तर ते पोतं नको, तिचे धागे पाण्यात गेले तर आपणच घाण केली.

बांधणी

कळक आपल्या मेदार म्हणजे बुरूड मामांकडून घ्या, पक्के, वर्षभर वाळलेले. हिरवा कळक जड असतो आणि वाळताना आकसून बंध सैल करतो. भोकं पाडायची नाहीत, खिळे मारायचे नाहीत. कळकाला खिळा मारला की तो उभा चिरतो.

दोन चौकटी करायच्या, वरची आणि खालची, आणि मध्ये पोती. वरच्या चौकटीला लांबीकडून पाच कळक, रुंदीकडून पाच. खालचीला तीन-तीन पुरेत. पोती आडवी टाकायची: डावीकडं पाच, उजवीकडं पाच, तोंडं मधल्या बाजूला. तोंडं बाहेर ठेवली तर काठाला घासून शिवण उसवते. वर-खालच्या चौकटी चारी बाजूंनी आणि मधून एकमेकींना आवळून बांधल्या की पोती जागची हलत नाहीत. त्याशिवाय प्रत्येक पोतं पोटाला दोर घालून वरच्या कळकाला स्वतंत्र बांधायचंच. एखादं फाटलं तरी बाकीची नऊ जागेवर राहिली पाहिजेत.

दोर काथ्याचाच. नायलॉन ओला झाला की घसरतो, आणि झिजून त्याचे तुकडे पाण्यात पडतात. काथ्या पाण्यात फुगतो आणि बंध उलट आवळतो. बंध असा: दोन कळक एकमेकांवर आडवे-उभे ठेवा. दोराचं टोक उभ्या कळकाला अडकवा. मग दोन्ही कळक धरून चौकोनी वेढे घ्या, तीन किंवा चार, एकावर एक न चढवता शेजारी शेजारी, प्रत्येक वेढ्याला पाय रोवून ओढून. इतकं सगळ्यांना येतं. खरी मेख पुढं आहे. आता दोर दोन कळकांच्या मधल्या फटीतून घालायचा आणि झालेल्या वेढ्यांनाच गुंडाळत दोन-तीन आवळे द्यायचे. या आवळ्यांनी आधीचे वेढे चिमटले जातात आणि बंध असा बसतो की कळक मोडेल पण सांधा हलणार नाही. शेवटची गाठ सुटी मारा, हातानं सोडवता येईल अशी. कोयत्यानं कापावी लागणारी गाठ मंडपात चालत नाही आणि इथंही नको.

वर बांबूचा तट्टा अंथरा, कडेनं सुतळीनं शिवा. फळ्या नकोत, वजन वाढतं. वल्ह्यासाठी कळकाला तेलाच्या चिरलेल्या डब्याचं पान बांधलं तरी चालतं. तळं उथळ असेल तर नुसता लांब कळक, तळाला टेकून ढकलायला, सगळ्यांत उत्तम.

पाण्यात सोडण्याआधी

जागा निवडताना वाहती नदी नको, खाण नको. दगडाच्या खाणी दिसायला निवांत दिसतात पण काठ सरळ तुटलेला असतो, पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. धरणाचं पाणी नको. पिण्याच्या पाण्याचा साठा तर नकोच नको, राकसकोपला असलं काही करायचं नाही. गावाचं तळं, एका बाजूनं उतरतं असलेलं, पोटापर्यंत पाण्याचं. दिवस जानेवारी-फेब्रुवारीतला, वारा पडलेला, सकाळचा.

परवानगी आधी घ्या. गावात पंचायत, शहरात महापालिका, दोन्हीकडं पोलीस ठाण्यात प्रत. अर्ज कन्नडमध्ये द्या, काम लवकर होतं. आम्हाला शेजारच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांनी लिहून दिला आणि त्यांची मुलंही मग बाटल्या निवडायला आली. अग्निशमन दलाला कळवलं तर बऱ्याचदा माणूस येऊन उभा राहतो.

तराफा पाण्यात सोडून त्यावर दोनशे किलो वाळूची पोती ठेवा आणि रात्रभर ठेवा. संध्याकाळी पाण्याची रेघ कळकावर गेरूनं आखा. सकाळी रेघ बुडाली असेल तर कुठल्या तरी पोत्यात बाटल्या गळताहेत. ज्या कोपऱ्याला कलला असेल ते पोतं आधी तपासा. वाळूखाली न टिकलेल्या तराफ्यावर माणूस चढवू नका, पाहुणे आलेले असोत नाहीतर पेपरवाले.

वर बसणाऱ्यांना लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. बसायचं, उभं राहायचं नाही. काठाला लांब दोर बांधलेला आणि तो धरायला एक माणूस नेमलेला. काठावर दोन पट्टीचे पोहणारे, त्यांनी त्या वेळात दुसरं काही करायचं नाही, फोनवर शूटिंगसुद्धा नाही. लहान मुलं तराफ्यावर नकोत. त्यांचं काम काठावर आहे, आणि ते जास्त मोलाचं आहे.

काठावरचं काम

तराफा बघायला गर्दी होते. त्या गर्दीला सांगायचं काय, हे आधी ठरवा. फ्लेक्स लावू नका. कर्नाटकात 2016 पासून फ्लेक्सवर आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि तराफ्याशेजारी फ्लेक्स म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. गोणपाटावर चुन्यानं लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये.

लिहायचं ते उपदेशाचं नको, मोजणीचं हवं. गोळा करताना पोरांनी वहीत काय काय किती निघालं ते लिहिलेलं असतं: बाटल्या, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शांपूचे पाऊच, स्लीपर, लग्नातल्या थर्माकोलच्या वाट्या. तेच आकडे मोठ्यानं मांडा. आपल्या गल्लीचं नाव आणि खाली आकडे. लोक दुसऱ्या कुठल्या फलकापुढं इतका वेळ उभे राहत नाहीत. आमच्याकडं एका बाईंनी पाऊचच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि घरात आठवड्याला किती लागतात ते तिथंच मोजायला लागल्या. नकाशा शेजारी हवाच, नाल्यापासून समुद्रापर्यंतचा. बादलीचा प्रयोग पोरांनी स्वतः करून दाखवायचा, मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही.

मंडळांना एक विनंती. गणपतीत किंवा शिवजयंतीच्या चित्ररथात तराफा ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण प्रसाद पत्रावळीवर आणि पाणी घागरीतून द्या. मिरवणुकीत पाण्याचे पाऊच वाटणार असाल तर तराफा नेऊ नका.

सोडवणं

तराफा तळ्यात चार-पाच दिवसांहून जास्त ठेवायचा नाही. शोभेला राहू दे म्हणून लोक आग्रह करतात. ऊन लागून जाळी कुजते, एक दिवस पोतं फाटतं आणि गोळा केलेलं सगळं परत पाण्यात जातं.

बांधलेल्याच माणसांनी सोडवायचा. खालची चौकट आधी, मग पोती एकेक करून काठावर, उसवायची ती गोणपाट अंथरून त्यावर, म्हणजे टोपण गवतात हरवत नाही. आणलेल्या बाटल्या आणि निघालेल्या बाटल्या यांचा आकडा जुळला पाहिजे. जुळला नाही तर जुळेपर्यंत तळ्याचा काठ शोधायचा. टोपणं वेगळी, बाटल्या वेगळ्या, पायाखाली चेपून सपाट केलेल्या, म्हणजे भंगाराच्या गाड्यात जास्त मावतात. जाळीची पोती धुऊन परत यार्डात द्या, कुणीतरी घेतं. कळक आणि काथ्या उन्हात वाळवून माझ्यासारख्या एखाद्या मंडपवाल्याकडं टाका, पुढच्या लग्नाला लागतात. भंगाराचे पैसे आले ते आमच्याकडं गमबुटांच्या नव्या जोडांवर गेले. पुढच्या दिवाळीनंतर परत नाल्याकडं जायचंय.